पडद्याचा पासंग



ज्यांनी या शाळेत जवळजवळ तीन दशके चित्रकला शिकविली, त्या आपल्या सरांच्या नावे चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याची संधी मला मिळाली, हा मी माझा बहुमान समजतो. मी निवडलेला विषय मात्र काहींना या व्यासपीठाला न शोभणारा, थोडा बाजारातला वाटण्याचा संभव आहे. छायाचित्रांचे संस्करण करण्यासाठी संगणकाचा मॉनिटर कोणता घ्यावा आणि घेतल्यावर तो कसा लावून घ्यावा, हा तो विषय. सरांशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो मला फारसा सुखावह नाही; म्हणून तो आरंभीच सांगून टाकतो.

१९९९ साली शाळेची एक स्मरणिका निघाली. तीत सरांची सहा जलरंगचित्रे छापावयाची होती. सुलतान बाजारात मी नुकताच छपाईपूर्व कामाचा व्यवसाय थाटला होता. एक स्कॅनर, एक संगणक आणि काचेच्या नळीचा पंधरा इंची मॉनिटर एवढे माझे भांडवल. काम अर्थातच माझ्याकडे आले. त्या सहांपैकी एक चित्र मुसी नदीचे होते. नया पुलावरून दिसणारे हायकोर्टाचे घुमट, खाली आटलेले पात्र आणि त्या सगळ्यावर थंडीतल्या पहाटेचे निळसर धुके. स्कॅन केलेले चित्र मला पडद्यावर फार निळे दिसले. मूळ कागद शेजारी धरून मी ते 'सुधारले'. निळा काढला, पिवळा घातला, पडदा आणि कागद सारखे दिसू लागेपर्यंत घालीत राहिलो. स्मरणिका छापून आली. सरांनी ते पान बराच वेळ पाहिले आणि अगदी सौम्यपणे विचारले, "छपाई छान झाली आहे. पण हे संध्याकाळचं चित्र केव्हा काढलं रे मी?"

त्या वेळी सगळे हसले, मीही हसलो. पुढच्याच वर्षी, २४ ऑगस्ट २००० रोजी, हैदराबादवर एका दिवसात सुमारे २४ सेंटीमीटर पाऊस कोसळला. हुसेनसागराच्या नाल्याकाठच्या सखल वस्त्यांत पाणी घुसले आणि सरांच्या घरातल्या लोखंडी पेटीतली चित्रे भिजून लगदा झाली. मुसीचे चित्र त्यांत होते. आज त्या चित्राची जगात एकच प्रत उरली आहे, ती माझ्या संगणकातली. आणि ती संध्याकाळची आहे. डिस्कवर जागा कमी म्हणून मी मूळ स्कॅनवरच सुधारित चित्र साठविले होते.

चूक कोठे झाली, हे मला पुष्कळ उशिरा कळले. माझ्या डोळ्यांत दोष नव्हता, स्कॅनरमध्येही फारसा नव्हता. त्या काळचे बहुतेक मॉनिटर कारखान्यातून ९३०० केल्व्हिन या मापाचा पांढरा रंग लावून येत. केल्व्हिनचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळा. दुपारचे उघड्यावरचे ऊन साडेपाच हजारांच्या आसपास, साधा विजेचा पिवळा दिवा पावणेतीन हजारांच्या जवळपास. म्हणजे माझा पडदा पांढऱ्यालाच निळा करीत होता. त्याचा निळेपणा मी चित्रातून वजा केला. दोष पडद्याचा, शिक्षा चित्राला.

जुन्या वाण्याच्या दुकानात तराजूची दोन पारडी रिकामी असतानाही सारखी राहत नसत. मग हलक्या बाजूला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधून दांडी सरळ करीत. तो पासंग. पासंग न पाहता तोललेला शेर हा शेर नव्हे, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते; म्हणून त्या आधी रिकामा तराजू उचलायला लावीत. इंग्रजीतील कॅलिब्रेशनला आपण अंशशोधन असा पारिभाषिक शब्द योजला आहे. तो बरोबरच आहे. परंतु मला हा दुकानातला शब्द अधिक नेमका वाटतो. पडदा हा तराजू आहे. त्याच्यावर चित्र ठेवण्यापूर्वी तो रिकामा उचलून पाहिला पाहिजे.

येथे एक रास्त शंका निघते. मनुष्याला डोळे आहेत. पडदा निळा असेल तर ते त्याला दिसणार नाही काय? उत्तर असे की, दिसत नाही. ट्यूबलाइटच्या खोलीतून पिवळ्या दिव्याच्या खोलीत गेल्यावर क्षणभर सारे पिवळे भासते, आणि थोड्याच वेळात धोतर पुन्हा पांढरे दिसू लागते. डोळा समोरच्या सर्वांत उजळ वस्तूला पांढरे मानून बाकीचे रंग तिच्या हिशेबाने लावतो. व्यवहारात हा मोठा गुण आहे, पडद्यासमोर बसलेल्या माणसाला मात्र तोच फसवितो. दोन तास काम केल्यावर कोणताही पडदा बरोबरच वाटतो. म्हणून मोजणी डोळ्याने करावयाची नसते, यंत्राने करावयाची असते. डोळ्याचे काम त्यानंतर सुरू होते.

हे सारे फार सूक्ष्म, चित्रकारांच्या हौसेपुरते आहे असे वाटत असेल, तर जुन्या हैदराबाद संस्थानातल्याच एका स्थळाची आठवण देतो. अजिंठा १९५६ पर्यंत आपल्याच राज्यात होते. रॉबर्ट गिल यांना तेथील भित्तिचित्रांच्या प्रती काढण्यासाठी १८४४ साली नेमले गेले. वर्षानुवर्षे राबून त्यांनी काढलेल्या प्रती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्या जवळजवळ सर्व जळाल्या. मग मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा प्रती काढल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ साली लंडनलाच आगीत गेल्या. प्रती काढताना रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर वार्निश फिरविले गेले होते. पुढे १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांना आधार देताना लाखेचा थर दिला. वार्निश आणि लाख दोन्ही काळाने पिवळी पडतात. परिणामी अजिंठ्याला पिवळसर तपकिरी छटा असते, अशी कित्येक पिढ्यांची समजूत झाली. वास्तविक त्या कलावंतांच्या रंगांत गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुन्याचा पांढरा आणि काजळी यांच्याबरोबर लाजवर्दाचा निळाही होता. पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांनी पुढच्या दशकांत थर काढीत आणले, तेव्हा तो ठिकठिकाणी पुन्हा दिसू लागला.

संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात 'अजंता' या ग्रंथाचे चार भाग प्रसिद्ध केले. त्यासाठीची रंगीत छायाचित्रे ई. एल. व्हॅसी यांनी घेतली होती. आमच्या व्यवसायातील माणसाने हे भाग एकदा तरी पाहावेत. आजच्या काळात नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी याच चित्रांची छायाचित्रे घेऊन संगणकावर त्यांच्या पुनःस्थापनेचे काम चालविले आहे. आता या कामात पडदा कोठे बसला आहे ते पाहा. भिंतीवरचा हात अमुक इतका तांबूस होता की नव्हता, याचा निर्णय भिंतीसमोर होत नाही, मॉनिटरसमोर होतो. पासंग न काढलेला मॉनिटर म्हणजे वार्निशाचा आणखी एक थर. तो पुसताही येत नाही, कारण तो भिंतीवर नसून आकड्यांत शिरलेला असतो.

आता निवडीकडे वळतो. बाजारात गेल्यावर, मग ते सिकंदराबादेतले चिनॉय ट्रेड सेंटर असो की दुसरे कोणते, विक्रेता तुम्हाला आकार, पडद्याची वक्रता आणि सेकंदाला किती वेळा चित्र बदलते हे सांगेल. या तिन्ही गोष्टी आपल्या कामाच्या नाहीत. पहिला प्रश्न पडद्याच्या जातीचा विचारावा. द्रवस्फटिकाच्या पडद्यांत मुख्यतः तीन जाती आहेत. टीएन ही सर्वांत स्वस्त. खुर्चीत थोडे सरकून बसले की तिच्यावरचे रंग बदलतात, म्हणून ती आपण सोडून द्यावी. व्हीए या जातीत काळा रंग गडद मिळतो, परंतु बाजूने पाहताना सावलीतले तपशील हलतात. आयपीएस जातीत काळा किंचित राखाडी असतो. तथापि कोणत्याही कोनातून रंग टिकून राहतो. छायाचित्रांसाठी आयपीएस घ्यावा, हे माझे मत अनेक वर्षांत बदललेले नाही. ओलेडचा काळा अप्रतिम असतो. पण आमच्या कामात तीच ती साधनपट्टी तासन्‌तास एका जागी उभी असते आणि तिचा डाग पडद्यावर कायमचा बसण्याची भीती राहते.

दुसरा प्रश्न, पडदा किती रंग दाखवू शकतो. येथे दोन नावे कानी पडतील. एसआरजीबी ही १९९६ साली सुचविली गेलेली आणि १९९९ साली आंतरराष्ट्रीय मानक झालेली रंगकक्षा. डोळ्याला दिसणाऱ्या रंगांपैकी सुमारे ३५ टक्के रंग तिच्यात बसतात. अॅडोबी आरजीबी ही १९९८ ची; तिच्यात सुमारे ५० टक्के बसतात. अधिक रंग मुख्यतः हिरव्या आणि मोरपंखी बाजूला मिळतात. पैठणीच्या पदरावरचा मोर घ्या. त्याचा खरा रंग एसआरजीबीच्या पडद्यावर येतच नाही, छपाईच्या शाईत मात्र त्यातला काही भाग येऊ शकतो. म्हणून ज्यांना वस्त्रांची किंवा चित्रांची पुस्तके छापावयाची आहेत त्यांनी अॅडोबी आरजीबीचे ९९ टक्के रंग दाखविणारा मॉनिटर पाहावा. लग्नाची, शाळेची, घरची छायाचित्रे सुधारणाऱ्याला एसआरजीबी पूर्ण दाखविणारा पुरे. किंबहुना त्याने मोठ्या कक्षेच्या मोहात पडूच नये. रंगव्यवस्थापन न समजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असा पडदा प्रत्येक कुंकू भडक करून दाखवितो, आणि ते शमविण्याच्या नादात मनुष्य पुन्हा माझीच १९९९ ची चूक करतो.

आकाराबद्दल थोडक्यात. २४ इंचांवर १९२० गुणिले १०८० बिंदू किंवा २७ इंचांवर २५६० गुणिले १४४० बिंदू हे प्रमाण डोळ्यांना सोयीचे पडते. पृष्ठभाग चकचकीत नसावा. आपल्या देशातल्या उजेडात त्यात स्वतःचाच चेहरा दिसतो. दुकानात एक परीक्षा अवश्य करावी. संपूर्ण पडदाभर मध्यम राखाडी रंग लावावा. चारही कोपरे सारखे दिसले पाहिजेत. एक कोपरा गुलाबी आणि दुसरा हिरवट दिसला तर तो मॉनिटर तेथेच ठेवून यावे, कारण हा दोष नेहमीच्या अंशशोधनाने जात नाही.

मात्र सर्व पैसे मॉनिटरवर खर्च करू नयेत, ही माझी कळकळीची सूचना आहे. मध्यम किमतीचा मॉनिटर आणि त्याबरोबर मोजणीचे यंत्र ही जोडी, यंत्राविना घेतलेल्या महागड्या मॉनिटरपेक्षा केव्हाही श्रेष्ठ. हे यंत्र तळहाताएवढे असते. त्याला कलरीमीटर म्हणतात. पडद्यावर टेकवून ठेवले की समोर उमटणाऱ्या रंगाचे माप ते संगणकाला कळविते. महिन्याकाठी अर्धा तास लागणारी ही वस्तू; चार-पाच व्यावसायिकांनी मिळून एक घेतली तरी चालते. यंत्राबरोबर येणाऱ्या सॉफ्टवेअरशिवाय आर्गिल नावाचे एक विनामूल्य सॉफ्टवेअरही आहे. त्याचे कर्ते ऑस्ट्रेलियाचे ग्रॅम गिल. अजिंठ्याच्या गिलसाहेबांशी त्यांचे काही नाते आहे असे नव्हे, पण आडनाव वाचून मला गंमत वाटली होती.

प्रत्यक्ष कृती अशी. मॉनिटर निदान अर्धा तास आधी सुरू करून ठेवावा; तापल्याशिवाय तो स्थिर होत नाही. रात्री पडदा आपोआप पिवळा करणाऱ्या, खोलीतील उजेडाप्रमाणे रंग बदलणाऱ्या आणि दृश्यागणिक उजेड कमीजास्त करणाऱ्या सोयी बंद कराव्यात. त्यानंतर यंत्र टेकवून तीन गोष्टी लावून घ्यावयाच्या असतात.

पहिली दीप्ती. आजचे मॉनिटर कारखान्यातून प्रति चौरस मीटर २५० ते ३५० कँडेला एवढ्या झगमगाटात येतात. छापील कागद एवढा उजळ कधीच नसतो. अशा पडद्यावर चित्र उजळ दिसते म्हणून आपण ते गडद करतो, आणि छापखान्यातून काळवंडलेली पाने येतात. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुसंख्य याच कारणाच्या असतात, आणि प्रत्येक वेळी दोष छापखान्याला दिला जातो. दीप्ती १०० ते १२० वर आणावी. खोली अंधारी असल्यास ८० वर. पहिले दोन दिवस पडदा मेल्यासारखा वाटेल. तिसऱ्या दिवशी डोळा रुळतो.

दुसरी पांढऱ्याची छटा. ती ६५०० केल्व्हिन ठेवावी. मुद्रणव्यवसायात छापील प्रती ५००० केल्व्हिनच्या दिव्याखाली तपासण्याची रीत आहे. ज्यांचे काम रोज त्या दिव्याशेजारी चालते त्यांनी पडदा थोडा खाली, उबदार बाजूला आणावा. इतरांनी त्या भानगडीत पडू नये.

तिसरी गॅमा, आणि ही समजून घेण्याजोगी आहे. संगणकात काळ्याला ० आणि पूर्ण उजेडाला २५५ हा आकडा असतो. मग १२८ म्हणजे निम्मा उजेड, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात २.२ गॅमा असलेला पडदा १२८ ला सुमारे २२ टक्केच उजेड देतो. आपला डोळा अंधारातले फरक बारकाईने आणि उजेडातले ढोबळ मानाने टिपतो; म्हणून डोळ्याला तो २२ टक्के उजेडच जवळजवळ मधला भासतो. ही चढण बिघडली की टोके ठीक राहून मधले सारे चित्र गढूळ किंवा फिके होते.

एवढे झाले की दांडी बरीचशी सरळ होते, पूर्ण नव्हे. उरलेला दोष यंत्र शेकडो रंगचौकोन एकामागून एक मोजून टिपून ठेवते. या टिपणाच्या फाइलला प्रोफाइल म्हणतात, आणि १९९३ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय रंगसंघाने तिचे स्वरूप ठरवून दिलेले आहे. छायाचित्रांचे सॉफ्टवेअर ही फाइल वाचून तेवढा दोष वजा करते. पासंग बांधणे वेगळे आणि तो वहीत लिहून ठेवणे वेगळे. येथे दोन्ही करावयाचे असते. शेवटी राहिलेली चूक डेल्टा-ई या आकड्यात कळते. १ एवढा फरक डोळ्याला जेमतेम जाणवतो. सरासरी २ च्या आत आली की निश्चिंत व्हावे. दिवे जुने होत जातात, म्हणून हे सारे महिन्यातून एकदा पुन्हा करावे.

खोलीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पोपटी किंवा गुलाबी भिंतींवरून परतणारा प्रकाश पडद्यावर पडतो; समोर बसलेल्याचा लाल सदराही पडतो. भिंत शक्य तर फिकट राखाडी असावी, खिडकी पडद्यासमोर नसावी, आणि दिवा दिवसभर एकच असावा. ज्यांच्याजवळ यंत्र नाही त्यांनी निदान एवढे करावे: खिडकीजवळच्या साध्या उजेडात कोरा पांढरा कागद पडद्याशेजारी धरावा, पडद्यावर कोरे पान उघडावे आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत दीप्ती उतरवावी. रंग याने साधणार नाही, काळवंडलेली छपाई मात्र टळेल.

अंशशोधनानंतर डोळ्याने खात्री करावयाची, तर हैदराबादकरांना दोन वस्तू ठाऊक आहेत. एक बिदरी. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूला बिदरच्या किल्ल्यातल्या मातीने आणि नवसागराने काळे केलेले असते आणि त्यात चांदीची वेल जडविलेली असते. आपल्याकडे पुष्कळ घरांत बिदरीची एखादी डबी असतेच. तिचे छायाचित्र घ्यावे. चांगल्या पडद्यावर त्या काळ्यात धातूची गोलाई आणि खरखर दिसते. वाईट पडद्यावर नुसता डांबराचा गोळा. दुसरी वस्तू सालारजंग संग्रहालयातील, संगमरवराची बुरख्यातली रिबेका. पांढऱ्यावर पांढरे, आणि तरी जाळीआडचा चेहरा स्पष्ट. ज्या पडद्यावर तो बुरखा चेहऱ्याला चिकटून एकच पांढरा डाग होतो, त्याच्यावर नववधूच्या शालूचे काम करू नये. कृष्णधवल चित्रांना हे लागू नाही असेही समजू नका. राजा दीनदयाळ यांच्या सिकंदराबादच्या स्टुडिओतल्या जुन्या काचा किंवा मुद्रिते स्कॅन करणाऱ्याला शुद्ध राखाडी दाखविणारा पडदा लागतो, आणि राखाडी हाच पडद्याला सर्वांत अवघड जाणारा रंग आहे.

मुसीच्या चित्राचे पुढे काय झाले, असे आपल्या मनात आले असेल. काही वर्षांपूर्वी मी ती फाइल नीट लावलेल्या पडद्यावर उघडली. पिवळेपणा स्पष्ट दिसला. तो उलट वजा करता येईल असे प्रथम वाटले. पण किती वजा करावयाचा? तो जुना मॉनिटर केव्हाच भंगारात गेला, त्याचे माप कोणी घेतले नव्हते, आणि ९३०० हा कारखान्याचा आकडा वापरलेल्या नळीला तंतोतंत लागू पडत नाही. शिवाय धुक्यातले जे फिके निळे मी पार पुसून टाकले, ते परत आणावयाला आकडेच उरलेले नाहीत. अंदाजाने पहाट करून पाहिली. ती सरांची वाटेना, माझी वाटली. म्हणून शाळेला दोन्ही फाइली दिल्या आहेत. एकीवर '१९९९, मॉनिटर न मोजलेला' असे लिहिले आहे आणि दुसरीवर 'अंदाज' असे.

कलरीमीटर मी आज बरोबर आणले असून ते चित्रकलेच्या वर्गात ठेवले आहे. ज्यांनी लॅपटॉप आणले आहेत त्यांचे पडदे अध्यक्षीय समारोपानंतर मोजून देईन. एकेकाला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तेव्हा लॅपटॉप आत्ताच सुरू करून ठेवावेत, म्हणजे तोवर पडदे तापून राहतील.